जनरेटर बंद केला, जीसीयू जागाच राहिला: जी-ईझेडएसी विमानाचं प्रकरण

१५ सप्टेंबर २००६ रोजी ईझीजेटचं एक एअरबस ए-३१९ विमान, नोंदणी जी-ईझेडएसी, स्पेनमधल्या अलिकांतेहून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला निघालं होतं. फ्रान्सच्या पश्चिम भागात, नांत शहराच्या आसपास, ३२,००० फुटांवर सगळं सुरळीत चालू असताना डाव्या बाजूची वीज गेली. कॅप्टनसमोरचे पडदे काळे पडले, ऑटोपायलट आणि ऑटोथ्रस्ट दोन्ही सुटले, आणि विमानातला एकही रेडिओ चालेना. वैमानिकांनी वीजजोडणी बदलून बघितली, काही उपयोग झाला नाही. उरलेला सगळा प्रवास त्यांनी हातानं, कुणाशीही न बोलता केला आणि ब्रिस्टलला विमान सुखरूप उतरवलं. कुणाला ओरखडाही आला नाही.

ओरखडा आला नाही म्हणून हे प्रकरण विस्मरणात जायला हरकत नव्हती. पण ब्रिटनच्या एएआयबी या तपास संस्थेनं ते गंभीर घटना म्हणून हाती घेतलं, २००९ मध्ये सविस्तर अहवाल काढला आणि तब्बल १४ सुरक्षा शिफारशी केल्या. विमानाच्या विजेचं काम करणाऱ्या माणसाला जनरेटरचा स्नॅग, म्हणजे नोंदवलेला बिघाड, हा रोजचा पाहुणा. त्या रोजच्या पाहुण्याला आपण कसं हाताळतो, याचा इतका नेमका पंचनामा मला दुसरीकडे सापडलेला नाही. म्हणून ही केस तपशिलात मांडतो.

वीज येते कुठून

ए-३२० कुटुंबातल्या विमानाला, म्हणजे ३१८ पासून ३२१ पर्यंत सगळ्यांना, दोन मुख्य जनरेटर असतात. प्रत्येक इंजिनावर एक. इंजिनाचा वेग कमीजास्त होत राहतो, पण विजेची वारंवारता मात्र ४०० हर्ट्झवर स्थिर हवी. त्यासाठी जनरेटर आणि वेग स्थिर ठेवणारी यंत्रणा एकाच घरात बसवलेली असते. तिला आयडीजी म्हणतात. एकेक आयडीजी ९० केव्हीएचा, दाब ११५ व्होल्ट, तीन फेज. शेपटीतल्या एपीयूवर, म्हणजे छोट्या सहायक इंजिनावर, आणखी एक जनरेटर, तोही ९० केव्हीएचा. म्हणजे हवेत तीन पर्याय. त्यातला कुठलाही एक जवळजवळ सगळं विमान चालवू शकतो, फक्त किचनचा थोडा भार उतरवावा लागतो.

आयडीजीतला जनरेटर ब्रशविना चालतो आणि तीन टप्प्यांचा असतो. आधी एक छोटा कायमचुंबकी जनरेटर फिरतो, आम्ही त्याला पीएमजी म्हणतो. त्याच्या विजेवर एक्सायटर जागा होतो आणि एक्सायटरच्या जोरावर मुख्य रोटर. या साखळीच्या मधोमध बसलेला डबा म्हणजे जनरेटर कंट्रोल युनिट, अर्थात जीसीयू. एक्सायटरला किती प्रवाह द्यायचा हे तो ठरवतो. दाब वाढला, घसरला, वारंवारता हलली, एखादी फेज तुटली, जनरेटरपासून बसपर्यंतच्या (बस म्हणजे उपकरणांना वीज वाटणारी मुख्य पट्टी) केबलमध्ये कुठे वीज जमिनीला गळतेय असं दिसलं, तर जनरेटरला जाळ्यातून तोडण्याचा अधिकारही त्याचाच. आणि हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही: बसला दुसरीकडून वीज मिळू द्यायची की नाही, यातही त्याचा शब्द चालतो. बसवरच शॉर्ट असेल आणि तिकडे एपीयूची वीज सोडली, तर तीही जळेल. म्हणून वाट बंद करण्याची सोय. सोय योग्यच आहे, जोवर डब्याचं निदान योग्य आहे तोवर.

डाव्या जनरेटरची वीज एसी बस-१ वर जाते, उजव्याची एसी बस-२ वर. अत्यावश्यक गोष्टींसाठी वेगळा एसी इसेन्शल बस असतो. कॅप्टनचा मुख्य पडदा, इंजिनाची माहिती आणि इशारे दाखवणारा वरचा पडदा अशी मंडळी त्याच्यावर. त्या काळातल्या रचनेत हा इसेन्शल बस नेहमी एसी बस-१ कडून वीज घ्यायचा. बस-१ मेला तर वैमानिकानं डोक्यावरच्या पॅनेलवरचं 'एसी इसेन्शल फीड' हे बटण दाबून त्याला बस-२ कडे वळवायचं. आपोआप नव्हे, हातानं. ज्याला आपण इसेन्शल म्हणतो त्याच्या तोंडचं पाणी दुसरीकडून आणायला माणसाचं बोट लागावं, ही गोष्ट आज वाचताना विचित्र वाटते. कागदावर मात्र ती मंजूर होती आणि हजारो विमानं तशीच उडत होती.

अलिकांतेचा निर्णय

आदल्याच फेरीत विमानाचा डावा जनरेटर ट्रिप झाला होता. अलिकांतेहून परत निघताना काय करायचं हे एमईएलमध्ये, म्हणजे किमान उपकरण यादीत, बघितलं गेलं. एक मुख्य जनरेटर बंद असला तरी एपीयूचा जनरेटर सबंध प्रवासभर त्याच्या जागी चालवून विमान सोडता येतं, असं ती यादी सांगत होती. तसंच केलं. डावा जनरेटर बंद, एपीयू चालू, डाव्या जाळ्याला एपीयूची वीज.

या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. बाहेरच्या स्टेशनवर, हातात सुटा भाग नसताना, यादीत परवानगी असताना विमान जमिनीवर उभं ठेवणारा इंजिनियर विरळा. आणि उभं ठेवलं तर त्याला विचारणारे फोन किती येतात ते ज्यानं घेतलेत त्याला माहीत. यादीत एक गोष्ट मात्र विचारलेलीच नव्हती: या विमानाला याआधी विजेचे दोष येऊन गेलेत का? एएआयबीनं कारणांमध्ये हा मुद्दा स्पष्ट नोंदवला आहे. विमानाचा पूर्वेतिहास विचारात न घेता एक जनरेटर बंद ठेवून उड्डाणाची मुभा देणारी यादी, हे त्यांच्या मते घटनेचं एक कारण होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते, कारण ती आपल्या डोक्यातल्या चित्राबद्दल आहे. जनरेटर 'बंद केला' म्हणजे काय केलं? पॅनेलवरचं बटण सोडलं, जनरेटरला बसशी जोडणारा लाइन कॉन्टॅक्टर उघडला, एक्सायटरचा प्रवाह थांबला. आयडीजी इंजिनाबरोबर फिरतोच आहे, पीएमजी वीज देतोच आहे. आयडीजी यांत्रिकरीत्या सोडवला असता तर पीएमजीही थांबला असता, पण तरी जीसीयूला विमानाच्या २८ व्होल्टच्या पुरवठ्यावरून वीज मिळत राहते. म्हणजे डबा जागाच. तो मोजतोय, तुलना करतोय, त्याचे अधिकार शाबूत आहेत. सोसायटीतला भाडेकरू गावी गेला म्हणून गेटवरचा वॉचमन काही सुट्टीवर जात नाही. त्याच्या मनात आलं तर तो भलत्याच माणसालाही अडवू शकतो. दोष जनरेटरमध्ये असता तर बटण बंद करणं पुरेसं होतं. दोष वॉचमनमध्ये होता.

३२,००० फुटांवर

दिवसाची वेळ, हवा स्वच्छ, विमान समुद्रसपाटीपासून जवळपास पावणेदहा किलोमीटर वर. जीसीयू-१ मधला अधूनमधून डोकं वर काढणारा दोष त्या क्षणी पुन्हा उगवला आणि डावं जाळं सुटलं. एपीयूचा जनरेटर ठणठणीत होता, पण त्याची वीज बस-१ पर्यंत पोचेना. बस-१ गेला, त्याच्या पाठोपाठ इसेन्शल बस, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली पुढची रांग.

रेडिओंचं काय झालं हे समजून घेण्यासारखं आहे. विमानात एकापेक्षा जास्त व्हीएचएफ संच असतात, ते वेगवेगळ्या बसवर वाटलेले असतात, आणि कागदावर तिन्ही एकदम जाणं अशक्य दिसतं. पण संच कितीही असले तरी वैमानिकाच्या कानापर्यंत आणि तोंडापासून जाणारा आवाजाचा रस्ता एकाच बाजूच्या विजेवर होता. संच जिवंत, रस्ता मेलेला. जनरेटरचा स्नॅग शोधणाऱ्यानं यातून घ्यायचं ते असं, की बस गेल्यावर बंद पडलेल्या गोष्टींची यादी हीच आपली पहिली नकाशावही. कुठल्या वस्तू गेल्या आणि कुठल्या टिकल्या हे वैमानिकाकडून नीट काढून घेतलं, तर कुठला बस मेला हे मल्टिमीटर न काढताच कळतं. उजव्या सीटसमोरचे पडदे चालू राहिले, कारण ते बस-२ च्या बाजूचे. तेवढ्यावर विमान उतरवता आलं.

वैमानिकांनी इसेन्शल फीडचं बटण दाबल्याचं सांगितलं. वीज परतली नाही. का परतली नाही, याचं उत्तर एएआयबीलाही मिळालेलं नाही. कारण निश्चित करता आलं नाही असं अहवाल सरळ लिहितो. मला अहवालातला हा भाग सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आमच्याकडे लॉगबुकात 'कारण कळलं नाही' असं लिहायला हात धजावत नाही, त्याऐवजी एखादा कनेक्टर 'साफ करून घट्ट केला' असं लिहून पान उलटलं जातं.

अनेकांना इथे प्रश्न पडतो की पोटातून बाहेर येणारी पवनचक्की, म्हणजे रॅट, कुठे होती? ती आपोआप बाहेर येते ती एसी बस-१ आणि एसी बस-२ दोन्ही मेले तरच. इथे बस-२ जिवंत होता. संगणकाच्या हिशोबी विमानाला वीज होती. अर्धं विमान अंधारात असलं तरी नियमाची अट पुरी होत नव्हती. पूर्ण अंधारासाठी तयारी पक्की आणि अर्ध्या अंधारासाठी एक बटण, अशी ती रचना.

डब्याचा इतिहास

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तपासात निष्पन्न झालं की जीसीयू-१ मधला दोष अधूनमधून येणारा होता. आणि कारणांच्या यादीतली शेवटची ओळ अशी: एकाच अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी पुन्हा पुन्हा विमानावरून काढले जाणारे जीसीयू ओळखण्याची व्यवस्था अपुरी होती. जीसीयू बनवणाऱ्या हॅमिल्टन संडस्ट्रँड कंपनीला शिफारस झाली की, सेवेतून वारंवार नाकारलेला किंवा तोच दोष परत परत दाखवणारा डबा पुन्हा पुन्हा वापरात सोडला जाऊ नये, अशी दुरुस्तीची पद्धत बदला.

हे कसं घडतं ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. विमानावर जनरेटर ट्रिप होतो. लाइनवरचा माणूस जीसीयू बदलतो, स्नॅग जातो, विमान उडतं. काढलेल्या डब्याला लाल टॅग लागतो आणि तो दुरुस्तीला जातो. टॅगवर काय लिहिलेलं असतं? 'जनरेटर-१ ट्रिप.' बस. दुरुस्तीच्या बाकावर डबा जोडला जातो, खोलीचं तापमान बेताचं, बाक हलत नाही, चाचणी ठरलेल्या क्रमानं चालते आणि सगळे टप्पे हिरवे येतात. 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो. डब्याला वापरायोग्य असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. भारतात त्याला सीए फॉर्म १ म्हणतात. डबा स्टोअरच्या कपाटात जातो आणि पुढच्या गरजू विमानावर चढतो. कागद चोख, सही खरी, आणि दोष जिथल्या तिथे.

सोल्डरच्या जोडातली केसाएवढी भेग थंडीत उघडते, उबेत मिटते. कनेक्टरच्या पिनचा स्प्रिंग ढिला झाला तर टेबलावर तो बरोबर टेकतो, विमानाच्या थरथरीत क्षणभर सुटतो. जीसीयूला निर्णय घ्यायला तो क्षण पुरतो, कारण संरक्षणाचं कामच मुळी मिलिसेकंदांत चालतं. हा दोष बाकावर पकडायचा असेल तर डब्याला बाकावर छळावं लागतं. गोठवणाऱ्या स्प्रेनं एकेक भाग थंड करायचा, हॉट एअर गननं तापवायचा, चालू स्थितीत थरथरवायचं, तासन् तास. याला वेळ लागतो, आणि वेळ लावायचा तर कुणीतरी सांगायला हवं की हाच डबा याआधीही याच तक्रारीनं आला होता. ते सांगणारा एकमेव दुवा म्हणजे डब्याचा अनुक्रमांक. आपण विमानाचा इतिहास जपतो, पाच आकडी तासांपर्यंत. डब्याचा इतिहास मात्र विमान बदललं की तुटतो. एका विमानावर तो पहिलाच स्नॅग असतो, दुसऱ्यावरही पहिलाच.

हाच स्नॅग आपल्या हातात आला तर

ए-३२० कुटुंबातली विमानं आज भारतात देशांतर्गत मार्गांवर सर्वाधिक आहेत, त्यामुळे मुंबईत असो वा नागपुरात, एटीए २४ चा, म्हणजे मॅन्युअलमधल्या विजेच्या प्रकरणातला स्नॅग म्हटला की बहुतेक वेळा हेच आयडीजी आणि हेच जीसीयू समोर येतात. कामाची पायरी मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि ती तशीच पाळायची. मी इथे सांगतोय ते त्या पायऱ्यांच्या आजूबाजूचं.

सगळ्यात आधी विमानाची वीज घालवू नका. उड्डाणानंतरचा छापील अहवाल काढा, एमसीडीयू या कॉकपिटमधल्या कळफलक-पडद्यावरून वीजयंत्रणेची बाइट, म्हणजे तिची स्वतःची दोषतपासणी, उघडा, डब्यानं स्वतःच्या स्मृतीत काय लिहून ठेवलंय ते कोडसकट उतरवून घ्या. आधी सर्किट ब्रेकर खेचून 'रीसेट मारून बघू' म्हणणारे उत्साही सहकारी प्रत्येक पाळीत असतात. रीसेट मारल्यावर सगळं हिरवं होतं आणि आपण आंधळे होतो. अधूनमधून येणाऱ्या दोषाचा हा एकच ठसा हातात असतो.

मग वैमानिकाशी बोलणं. 'ट्रिप झाला' यापुढे जायचं. चढताना की उतरताना, ओव्हन चालू होते का, पंप नुकताच सुरू झाला का, एकदाच गेला की रीसेट केल्यावर परत गेला, रीसेटनंतर किती वेळानं गेला. रात्री अडीच वाजता घरी जायच्या घाईत असलेल्या कॅप्टनला थांबवणं सोपं नसतं, पण 'सर, फक्त दोन मिनिटं' म्हटलं तर बहुतेक जण थांबतात. भार वाढल्यावर जात असेल तर नजर केबल आणि जोडांकडे वळते. भाराशी काहीच नातं नसेल तर डब्याकडे.

आयडीजी तपासायला फार वेळ लागत नाही. तेलाची पातळी काचेतून दिसते, फिल्टर तुंबल्याचा खुंटा बाहेर आलाय का तेही दिसतं. तेल तापलं किंवा दाब गेला तर येणारा इशाराच वेगळा असतो, तिथे गल्लत व्हायचं कारण नाही. आणि असा इशारा आला तरच आयडीजी सोडवायचं बटण. ते तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही आणि एकदा सोडवला की परत जोडणं जमिनीवरच. पीएमजीचा दाब कनेक्टरपाशी मोजता येतो. तो तिन्ही फेजमध्ये सारखा आला तर जनरेटरचा पहिला टप्पा ठीक आहे असं समजून पुढे सरकायचं.

केबलकडे मात्र सावकाश बघावं. इंजिनाच्या बाजूला, इंजिनाला पंखाखाली धरणाऱ्या पायलनजवळ, जिथे जाड केबलींचे लग टर्मिनलवर घट्ट केलेले असतात, तिथे उष्णता, तेल आणि थरथर तिन्ही एकत्र येतात. नट हातानं हलत नाही म्हणून घट्ट आहे असं नसतं, टॉर्क रेंच लावायचा. लगच्या खालचा धातू निळसर-तपकिरी झाला असेल, आवरण कडक होऊन तडकलं असेल, तर तिथे कधीतरी गरम झालंय. क्लॅम्पमध्ये केबल घासली गेली असेल तर वरून काही दिसत नाही. क्लॅम्प सोडून, आरसा आणि टॉर्च घेऊन खालून बघावं लागतं. विद्युतरोधाची चाचणी त्यानंतर. करंट ट्रान्सफॉर्मरचे कनेक्टरही याच फेरीत सोडून पिना भिंगातून बघून घ्याव्या, कारण जनरेटरकडचा आणि बसकडचा प्रवाह यांतला फरक जीसीयूला याच पिना सांगतात. त्या खोटं बोलल्या तर डबा निर्दोष असूनही दोषी ठरतो.

आणि शेवटी सगळ्यांची आवडती युक्ती: जीसीयू-१ आणि जीसीयू-२ ची अदलाबदल. डबे सारखेच असतात, दोष डब्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर चोर सापडला. कायम टिकणाऱ्या दोषासाठी ही युक्ती उत्तम. अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी ती फसवी आहे. अदलाबदलीनंतर दहा मिनिटं इंजिन चालवलं आणि काही झालं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. इंजिन चालवायचंच तर भार द्या: ओव्हन लावा, पिवळ्या हायड्रॉलिकचा विजेवरचा पंप चालवा, इंधनपंप चालवा, आणि वेळ द्या.

त्याहून मोठी गोष्ट, जी-ईझेडएसी वाचल्यावर मला जास्तच टोचायला लागलेली. अदलाबदल केल्यावर संशयित डबा आता चांगल्या बाजूवर राज्य करतोय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच स्टेशनवर, दुसऱ्याच कारणानं कुणी डावा जनरेटर बंद ठेवून एमईएलवर विमान सोडलं, तर उरलेला एकुलता एक मुख्य जनरेटर ज्याच्या ताब्यात आहे तो डबा संशयित. अदलाबदल ही चाचणी आहे, दुरुस्ती नव्हे, आणि ती उघडी आहे हे लॉगबुकात ठळक दिसलं पाहिजे. 'अदलाबदल केली, चाचणी समाधानकारक' एवढ्यावर स्नॅग बंद करणं मला मान्य नाही. कंट्रोल रूममधल्या मंडळींशी यावरून वाद होतात. उघडा स्नॅग त्यांच्या पडद्यावर लाल दिसतो, आणि लाल कुणालाच आवडत नाही.

डबा दुरुस्तीला पाठवताना टॅगवर जागा कमी असते हे खरं. पण मागे कागद जोडायला बंदी नाही. बाइटचा कोड, उड्डाणाचा टप्पा, उंची, भार, त्याआधी काय काय बदललं आणि तरी दोष राहिला का, आणि अनुक्रमांकावरून मागच्या काढणीची तारीख सापडली तर ती. बाकावरच्या माणसाला एवढं मिळालं तर तो स्प्रे आणि हॉट एअर गन काढतो. नाही मिळालं तर ठरलेली चाचणी लावून चहाला जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पुढे काय झालं

एअरबसनं इसेन्शल बसचा पुरवठा आपोआप बस-२ कडे वळवणारा बदल तयार केला. तो सर्वत्र पोचण्याआधीच, २५ जानेवारी २००८ रोजी, युनायटेड एअरलाइन्सच्या ७३१ या फेरीचं ए-३२० अमेरिकेतल्या न्यूअर्कहून डेन्व्हरकडे झेपावताना एसी बस-१ गेला. सहापैकी तीन पडदे काळे, रेडिओ बंद, ट्रान्सपॉन्डर बंद. हवा स्वच्छ होती, वैमानिक दृष्टीच्या भरवशावर फिरून न्यूअर्कलाच उतरले. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेनं तपास केला तेव्हा एअरबसकडून माहिती मिळाली की मे २००७ पर्यंत या कुटुंबातल्या विमानांवर अशा धर्तीच्या ४९ घटना नोंदल्या गेल्या होत्या. दोन्ही वेळा दिवस होता आणि ढग नव्हते, हे नशीब. रात्री ढगात हेच झालं असतं तर उजव्या सीटवरच्या माणसाच्या खांद्यावर केवढं ओझं आलं असतं, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

पुढे युरोप आणि अमेरिका दोन्हीकडच्या नियामकांनी तो बदल बंधनकारक केला. नव्या विमानांत हे काम आपोआपच होतं. तरी जुनं विमान भाड्यानं येतं तेव्हा, त्याच्या कागदपत्रांचा गठ्ठा उघडल्यावर, मी इसेन्शल फीडच्या बदलाची नोंद आणि एपीयूच्या जनरेटरचा धरून तिन्ही जीसीयूंचे अनुक्रमांक पहिल्या तासातच शोधतो. बदलाची नोंद मिळते. अनुक्रमांकही मिळतात. त्या डब्यांना मागच्या विमानांवरून का काढलं होतं, हे मात्र बहुतेक वेळा मेल पाठवून विचारावं लागतं.